एका शिलिंगचा चेहरा : होगार्थने छापलेले लॉर्ड लोव्हॅट आणि त्या काळचा चित्रांचा बाजार

दौतटाक

सर्वांना नमस्कार. गेली नऊ वर्षे मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो. मागच्या महिन्यात इथल्या एका गावच्या लिलावात मी एक जुने छापील चित्र विकत घेतले आणि तेव्हापासून एका प्रश्नाने माझ्या मनात ठाण मांडले आहे.

चित्र अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याचे आहे. त्यात सायमन फ्रेझर, म्हणजे अकरावे लॉर्ड लोव्हॅट, खुर्चीत पाय फाकवून बसले आहेत. देह स्थूल आहे, डोक्यावर केसांचा टोप आहे, आणि ते एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हाताची बोटे मोजत आहेत. शेजारच्या मेजावर 'आठवणी' असे शीर्षक असलेले बाड आणि लेखणी दिसते. खाली कोरलेल्या अक्षरांत लिहिले आहे की हे चित्र प्रत्यक्ष पाहून काढले आणि होगार्थने स्वतः तेजाबाने पत्र्यावर उठवले. त्याच ठिकाणी किंमत १ शिलिंग आणि संसदेच्या कायद्यानुसार प्रसिद्धीची तारीख २५ ऑगस्ट १७४६ दिलेली आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७४५ मध्ये स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी स्कॉटलंडमध्ये उठाव झाला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत तो मोडला. उठावाला साथ देणारे, ऐंशीच्या घरातले लोव्हॅट पळाले आणि लॉक मोरार या सरोवरातील एका बेटावर पकडले गेले. त्यांना लंडनला नेत असताना सेंट ऑल्बन्स या गावी मुक्काम पडला. होगार्थ तिथे जाऊन त्यांना भेटला आणि त्याने त्यांचे चित्र काढले. उठावात कोणत्या सरदाराने किती माणसे आणली, ते लोव्हॅट बोटांवर मोजत आहेत असे मानले जाते.

लिलावाच्या यादीत या चित्रापुढे 'मूळ, १७४६' असे छापले होते. घरी आणल्यावर आमच्या मेहुण्यांनी विचारले, "छापलेले आहे ना? मग मूळ कसले?" मी त्यांना उत्तर दिले खरे, पण ते माझे मलाच पुरेसे वाटले नाही. तांब्याचा पत्रा हे चित्र नव्हे, कागदावर उमटते तेच चित्र, असे माझे मत आहे. परंतु तसे असेल तर हा माझा कागद नेमका कधी उमटला, हा प्रश्न उरतोच. आणि हा सगळा व्यापार चालत तरी कसा होता? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अम्लरेखा

दौतटाक, तुमचे मत मला पूर्ण मान्य आहे. मी मुंबईत कलाशाळेत मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आहे, त्यामुळे हाताने केलेल्या कामावरून सांगते.

तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ लेप देतात. त्यावर सुईने चित्र काढले की लेप खरवडला जाऊन तेवढेच तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात ठेवतात, आणि जिथे तांबे उघडे असेल तिथेच तेजाब खाते. ज्या रेषा गडद हव्यात त्या जास्त वेळ खाऊ द्यायच्या आणि ज्या नाजूक हव्यात त्यांवर लवकर लेप लावून टाकायचा. नंतर जवसाच्या दाट उकळलेल्या तेलात घोटलेली काळी शाई पत्र्यावर चोळतात आणि कापडाने पुसतात. शेवटचे पुसणे तळहाताने करायचे असते. तळहातावर खडूची भुकटी लावून पत्र्यावरून हलकेच फिरवला की वरची शाई निघते आणि खाचांतली तशीच राहते. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन रुळांमधून ओढला म्हणजे तो खाचांत दाबला जाऊन शाई उचलतो. चित्राच्या कागदावर रेषेला हलकेच बोट लावून पाहिले तर ती किंचित वर आलेली जाणवते, ती यामुळेच.

आता तुमच्या मेहुण्यांच्या प्रश्नाकडे येते. इथे ज्याची नक्कल करायची असे रंगवलेले चित्र मुळात नाहीच. होगार्थचे जे कच्चे रेखाटन असेल ती पूर्वतयारी. तो जे घडवत होता ते कागदावर उमटल्यावरच पुरे होणार होते, आणि म्हणूनच खालची अक्षरे उलटी कोरलेली असतात. सबंध पत्रा 'उमटल्यावर कसे दिसेल' एवढाच विचार करून केलेला असतो.

जुनीबांधणी

कागद उजेडासमोर धरून पाहिला का? बाकी सगळे नंतर बोलू. खिडकीच्या काचेजवळ धरा आणि आत सरळ, समांतर रेषा दिसतात का ते सांगा. या प्रश्नावर बरेच अवलंबून आहे. कागदाच्या कडा कशा आहेत, तेही लिहा.

कलम_दफ्तर

'संसदेच्या कायद्यानुसार प्रसिद्ध' या ओळीवर थोडे लिहितो, कारण ती ओळ नसती तर होगार्थला या चित्रातून फार थोडे मिळाले असते.

लंडनमध्ये त्या काळी चित्रविक्रेत्यांची दुकाने फ्लीट स्ट्रीट आणि सेंट पॉल्सच्या परिसरात होती. एखादे चित्र लोकांना आवडले की दुसरा दुकानदार आपल्या कारागिराकडून त्याची नक्कल कोरून घेई आणि निम्म्या किमतीला विकू लागे. १७३२ साली होगार्थने एका गावाकडच्या मुलीची लंडनमध्ये होणारी दुर्दशा दाखवणारी ६ चित्रांची मालिका १ गिनीला (२१ शिलिंगांना) संच या दराने वर्गणीदारांना दिली. ती इतकी गाजली की लगेच चोरट्या नकलांचा सुळसुळाट झाला. त्यानंतर त्याने इतर कारागिरांना बरोबर घेऊन संसदेकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये कायदा झाला. स्वतः कल्पून कोरलेल्या चित्रावर कारागिराला १४ वर्षांचा हक्क मिळाला. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक कागदामागे ५ शिलिंग दंड ठरला, आणि त्यातला अर्धा राजाकडे तर अर्धा दावा लावणाऱ्याकडे जाई. हा हक्क प्रसिद्धीच्या दिवसापासून मोजायचा आणि मालकाचे नाव व तारीख प्रत्येक पत्र्यावर कोरलेली असायची, म्हणून त्या काळच्या चित्रांखाली ही ओळ दिसते. होगार्थने आपली पुढची मालिका तयार असूनही रोखून धरली आणि २५ जून १७३५ रोजी, कायदा लागू होताच, बाजारात आणली.

दौतटाक, इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. ती तारीख पत्र्यावर कोरलेली आहे. तुमचा कागद त्या दिवशी छापला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पत्रा पुढे शंभर वर्षांनी वापरला तरी तीच तारीख उमटणार. लिलावाच्या यादीत नेमकी हीच गफलत झालेली दिसते.

सह्यकडा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते आदरपूर्वक मांडतो. एका वृद्ध कैद्याला मृत्यूकडे नेत असताना त्याचे चित्र काढायचे आणि ते शिलिंगला विकायचे, यात मला कलेपेक्षा धंदा जास्त दिसतो. ९ एप्रिल १७४७ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर लोव्हॅट यांचा शिरच्छेद झाला. ब्रिटनमध्ये शिरच्छेदाची शिक्षा भोगणारे ते शेवटचे गृहस्थ. ते पाहायला एवढी गर्दी लोटली की प्रेक्षकांसाठी बांधलेला एक मांडव कोसळून काही माणसे जागीच ठार झाली. हे चित्र त्या गर्दीसाठीच होते, असे मला वाटते.

शिवाय, या चित्राने होगार्थला कित्येक आठवडे रोज १२ पौंड मिळवून दिले आणि एका पुस्तकविक्रेत्याने पत्र्याच्या वजनाइतके सोने देऊ केले, या गोष्टी सगळीकडे वाचायला मिळतात. कलावंत गेल्यानंतर चरित्रकारांनी रंगवून सांगितलेल्या गोष्टींवर किती विश्वास ठेवावा?

अम्लरेखा

सह्यकडा, सोन्याची गोष्ट मीही बाजूला ठेवते. पण १२ पौंडांची गोष्ट हिशेबाने तपासून पाहता येते, म्हणून काल रात्री कागद घेऊन बसले.

एका पौंडात २० शिलिंग, म्हणजे १२ पौंडांचे २४० शिलिंग. प्रत्येक चित्र १ शिलिंगला, म्हणजे दिवसाला २४० कागद. आता त्याच चरित्रकारांनी दुसरीकडे असेही लिहून ठेवले आहे की रुळांचे यंत्र रात्रंदिवस चालूनही मागणी पुरवता येईना. २४ तासांत २४० म्हणजे तासाला १०, म्हणजे दर ६ मिनिटांना एक छाप. या आकाराच्या पत्र्याला शाई लावून पुसायला मला शिकाऊ असताना १५ मिनिटे लागत असत. रोज तेच करणाऱ्या दोन तरबेज माणसांना, एक पुसायला आणि एक रूळ ओढायला, ६ मिनिटांत एक कागद काढणे सहज जमले असते. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगितलेल्या आहेत आणि दोन्ही एकमेकींशी जुळतात. त्यामुळे १२ पौंडांचा आकडा मला तरी अशक्य कोटीतला वाटत नाही.

त्या हिशेबात मला होगार्थपेक्षा ती दोन माणसे जास्त दिसली. पाळ्या बदलत असतीलच, पण ऑगस्टच्या उकाड्यात, मेणबत्तीच्या उजेडात, निखाऱ्यावर कोमट केलेला पत्रा पुन्हा पुन्हा तळहाताने पुसायचा. आम्हाला वर्गात २० छाप काढल्यावर तळहाताला अक्षरशः भेगा पडत. त्यांची नावे कोणत्याच कागदावर कोरलेली नाहीत.

हिरवाचाफा

अम्लरेखाताई, हा हिशेब वाचून अंगावर काटा आला. तळहाताची गोष्ट मी माझ्या मुलीला वाचून दाखवली. धागा साठवून ठेवला आहे.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो. ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र आणि रेखाचित्र विभागात अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवून गेले की तिथे कोणालाही चित्रे हातात घेऊन पाहता येतात. दौतटाक यांचा प्रश्न वाचल्यावर मी वेळ मागितली आहे. पुढच्या आठवड्यात लोव्हॅटच्या तिथल्या प्रती पाहून लिहीन.

सह्यकडा यांच्या मुद्द्याबद्दल मात्र आत्ताच लिहावेसे वाटते. या चित्रातला चेहरा काळजीपूर्वक पाहिला तर होगार्थने त्यांना राक्षस केलेले नाही. धूर्तपणा आहे, थकवा आहे, आणि स्वतःच्या बोलण्यात रमलेल्या म्हाताऱ्याचा एक प्रकारचा उत्साहही आहे. कोणत्याही वाड्याच्या ओसरीवर असे आजोबा भेटतील. छापखान्यातून विकल्या जाणाऱ्या बाकीच्या पुढाऱ्यांच्या चित्रांत ही जवळीक क्वचितच दिसते. विकण्यासाठी काढले म्हणून ते खोटे ठरत नाही.

सह्यकडा

टेम्सकाठ, तुमचे म्हणणे वाचून चित्र पुन्हा पाहिले. चेहऱ्याबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य आहे. बाजाराबद्दलचे माझे मत अजून तसेच आहे.

मोडीवाचक

एक शंका आहे. तेजाबाने केलेल्या या रेषांच्या चित्रांबद्दल इथे बोलणे चालले आहे. पण त्या काळच्या इंग्रजी छापील व्यक्तिचित्रांत मखमलीसारखी काळी, रेषाच नसलेली चित्रेही असतात. ती वेगळ्या पद्धतीची का?

अम्लरेखा

होय, त्या पद्धतीला मेझोटिंट म्हणतात, आणि व्यक्तिचित्रांचा खरा मोठा व्यापार तिच्यावरच उभा होता. १६४२ मध्ये लुडविग फॉन झीगेन या जर्मन माणसाने या पद्धतीचे पहिले चित्र केले, आणि तेही हेसच्या एका राजस्त्रीचे व्यक्तिचित्रच होते. पुढे ती पद्धत इंग्लंडमध्ये इतकी रुजली की युरोपात तिला 'इंग्रजी रीत' असेच म्हणू लागले.

इथे काम उलट्या दिशेने चालते. दातेरी, अर्धगोल धारेचे अवजार पत्र्यावर झोके देत सगळ्या दिशांनी फिरवायचे, म्हणजे पत्राभर बारीक खाचा आणि तांब्याची उठलेली कूस तयार होते. असा पत्रा छापला तर सबंध काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे ती कूस खरवडून आणि घासून गुळगुळीत करायची. कपाळावरचा प्रकाश, रेशमाची झाक, डोळ्यातला ठिपका, सगळे काळोखातून बाहेर काढायचे. तैलचित्रातल्या छटा याच पद्धतीत उत्तम उतरतात, म्हणून जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या चित्रकारांनी आपली व्यक्तिचित्रे मेझोटिंटवाल्यांच्या हाती दिली. त्यांतला डब्लिनहून आलेला जेम्स मॅकार्डेल सर्वांत नावाजलेला. 'हा माणूस मला अमर करील' असे रेनॉल्ड्स त्याच्याबद्दल म्हणाल्याचे सांगतात. बिचारा १७६५ मध्ये ऐन उमेदीत गेला.

पण ती कूस फार नाजूक असते. प्रत्येक वेळी पुसताना आणि रुळाखाली दबताना ती मोडत जाते. शंभराच्या आसपास उत्तम छापा निघाल्या की काळा रंग करडा पडू लागतो आणि पत्रा पुन्हा उठवावा लागतो. म्हणून पहिल्या छापांना जास्त किंमत येई. होगार्थने लोव्हॅटसाठी मेझोटिंट न घेता तेजाबी रेषा का निवडल्या, याचे उत्तर मला यातच दिसते. त्याला घाई होती आणि हजारोंनी कागद हवे होते. मेझोटिंटचा पत्रा दिवसाला २४० छापांचा मारा एक दिवससुद्धा नीट सोसू शकला नसता.

कलम_दफ्तर

अम्लरेखाताईंच्या मुद्द्याला पुरावा देतो. १७६३ च्या मे महिन्यात होगार्थने जॉन विल्क्सचे चित्र याच पद्धतीने, याच १ शिलिंग किमतीला आणि लोव्हॅटच्या चित्राचा जोड म्हणून काढले. विल्क्स संसदेचा सदस्य आणि सरकारचा कडवा टीकाकार. होगार्थने त्याचे तिरळे डोळे जसेच्या तसे दाखवले आणि त्याच्या हातातल्या काठीवर स्वातंत्र्याची टोपी टांगली. काही आठवड्यांत त्याच्या ४,००० च्या आसपास प्रती खपल्या असे लिहिलेले आहे. गंमत अशी की होगार्थला त्याची बदनामी करायची होती, पण त्याच्या चाहत्यांनीही ते चित्र घरात लावले. आपण दिवसेंदिवस त्या चित्रासारखे दिसू लागलो आहोत, असे विल्क्स स्वतः म्हणत असे.

लंडनमधल्या साध्या मजुराची दिवसाची कमाई त्या काळी २ शिलिंगांच्या आतबाहेर होती. तेव्हा १ शिलिंग ही अगदी गरिबाची खरेदी नव्हे. पण कारागीर, दुकानदार आणि खानावळीचा मालक यांना ती परवडत असे, आणि ज्यांना परवडत नसे ते दुकानाच्या खिडकीबाहेर उभे राहून फुकट पाहत. मोठ्या माणसाचा चेहरा सामान्य घराच्या भिंतीवर येणे ही या व्यापाराची कमाई, असे मी मानतो. सह्यकडा यांनी याचाही विचार करावा.

दौतटाक

जुनीबांधणी, आपल्या सूचनेप्रमाणे सकाळी कागद पूर्वेच्या खिडकीला लावून पाहिला. आत रेषा दिसत नाहीत. सगळीकडे सारखे, किंचित ढगाळ दिसते. खालची बाजू सोडून बाकीच्या तिन्ही कडा कापलेल्या आहेत, इतक्या जवळून की पत्र्याचा दाब पडल्याची खूण फक्त खालीच उरली आहे. चेहऱ्यावरच्या बारीक रेषा ठिकठिकाणी पुसट आहेत, टोपाच्या आणि कोटाच्या गडद रेषा मात्र ठसठशीत आहेत.

जुनीबांधणी

मग मन घट्ट करून वाचा.

१७४६ मध्ये हातकागद तारांच्या चाळणीवर बनत असे. बारीक तारा जवळजवळ आणि त्यांना बांधणाऱ्या जाड तारा सुमारे इंचभर अंतरावर, अशी ती चाळणी असे. लगदा गाळला की त्या तारांची खूण कागदात कायमची राहते आणि उजेडासमोर ती जाळीसारखी दिसते. विणलेल्या कापडासारख्या बारीक जाळीवर केलेला, रेषा नसलेला कागद जेम्स व्हॉटमन याने तयार केला आणि १७५७ मध्ये बास्करव्हिलने छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यग्रंथात तो प्रथम लोकांसमोर आला. सर्रास वापरात यायला १७९० चे दशक उजाडले. तुम्ही वर्णन करता तो कागद हाच. तेव्हा तुमचे चित्र १७४६ चे असू शकत नाही.

पत्र्यांचा पुढचा प्रवास माहीत आहे. होगार्थ १७६४ मध्ये वारला. त्याची पत्नी जेन पत्रे सांभाळून त्यांवरून छापत आणि विकत राहिली, आणि १७६७ च्या कायद्यात तिला खास २० वर्षांचा हक्क दिला गेला. १७८९ मध्ये ती गेल्यावर तिच्या नात्यातल्या मेरी लुईसने पत्रे जॉन बॉयडेलला दिली आणि बदल्यात वर्षाला २५० पौंडांचा तनखा घेतला. बॉयडेल हा त्या काळचा सर्वांत मोठा चित्रविक्रेता, पुढे लंडनचा लॉर्ड मेयरही झाला. त्याने १७९० मध्ये होगार्थचा संग्रह पुन्हा काढला. नंतर पत्रे इतरांकडे गेले आणि १८२२ मध्ये जेम्स हीथने झिजलेले पत्रे दुरुस्त करून आणखी एक मोठी आवृत्ती निघाली. तुमचा कागद १७९० किंवा त्यानंतरचा असावा. चेहऱ्याच्या रेषा पुसट असणे याच्याशी जुळते, कारण नाजूक रेषा उथळ असतात आणि त्याच आधी झिजतात.

कडा कापलेल्या आहेत, त्याचेही कारण सांगतो. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर नावाच्या धर्मोपदेशकाने इंग्लंडच्या प्रसिद्ध व्यक्तींचा चरित्रकोश काढला. त्यात कोणाची कोणती छापील चित्रे मिळतात याची यादी होती, पण चित्रे नव्हती. लोकांना ती जमवून पुस्तकात घालण्याचा नाद लागला. चित्रे कापायची, कोऱ्या पानांवर चिकटवायची आणि पुस्तक नव्याने बांधून घ्यायचे. एका खंडाचे पाच-सहा खंड होत. व्यक्तिचित्रांचे भाव वाढले आणि जुन्या पुस्तकांतली मुखचित्रे, म्हणजे शीर्षकपानासमोरची चित्रे, फाडली जाऊ लागली. मी ४० वर्षे बांधणीचे काम केले. फाडलेल्या मुखचित्राच्या जागी उरलेली कागदाची पट्टी पाहिली की मला आजही वाईट वाटते. तुमचे चित्रही अशाच एखाद्या संग्रहातून निघालेले असण्याचा संभव आहे. मागच्या बाजूला कोपऱ्यांवर खळीचे पिवळे डाग आहेत का पाहा.

दौतटाक

आहेत, चारही कोपऱ्यांवर. आपले उत्तर वाचून क्षणभर मन खट्टू झाले, पण इतके नेमके कळल्याचा आनंद त्याहून मोठा आहे. ज्यांनी हे विकले त्यांच्याविषयी तक्रार करण्याची मला इच्छा नाही. तारखेची ओळ वाचून त्यांचाही तोच गैरसमज झाला असेल.

तांबटआळी

धागा उशिरा पाहिला. मी पुण्याचा आहे आणि तांब्याचा विषय निघाला म्हणून आपल्याकडच्या एका दुव्याची आठवण करून देतो.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला आला. त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना समोर बसवून तैलचित्रे काढली. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने गंगाराम तांबट हा आपला चित्रकारही त्याच काळात वेरूळची लेणी रेखाटत होता. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत वारला. त्याने केलेल्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनमध्ये मुद्राचित्रांचा संच काढला. मग डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे पेशव्यांच्या दरबाराचे भव्य तैलचित्र १८०५ मध्ये पुरे केले आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचे मेझोटिंट केले. हा दरबार जिथे भरला तो शनिवारवाड्यातला गणेश महाल पुढे आगीत गेला. तो दरबार आज डोळ्यांपुढे उभा राहतो, त्यात अम्लरेखाताईंनी वर्णन केलेल्या त्या दातेरी अवजाराचाही वाटा आहे.

आणि १८०५ मध्येच मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. पुण्याच्या तांबटाचा हात आणि तांब्याचा पत्रा, दोन्ही आपल्याकडे होते. ते काम पुढे वाढले असते तर आपल्या माणसांचे चेहरेही रुपया-आठ आण्यांना घरोघरी गेले असते. या विचाराने मला नेहमी हळहळ वाटते.

मोडीवाचक

तांबटआळी, मिरजेच्या गीतेवर स्वतंत्र धागा काढा, ही आग्रहाची विनंती. इथे लोव्हॅट यांना मागे ठेवायला नको.

टेम्सकाठ

काल अभ्यासिकेत जाऊन आलो. लोव्हॅटचे छापील चित्र माझ्यासमोर उतरत्या फळीवर ठेवले आणि भिंग दिले. जुन्या छापेत गालावरच्या रेषा अशा काही आहेत की त्वचेचा सैलपणा जाणवतो. खालच्या ओठाजवळ अगदी बारीक आडव्या रेषांचा पुंजका आहे आणि त्यामुळे तोंड बोलता बोलता अर्धवट थांबल्यासारखे दिसते. दौतटाक यांनी पाठवलेला फोटो मी शेजारी ठेवून पाहिला. त्यांच्या प्रतीत तो पुंजका एका करड्या डागासारखा झाला आहे. परंतु बाकीची प्रत्येक रेष जुळते. कोटाच्या बाहीवर एक रेष चुकून हद्दीबाहेर गेली आहे, तीसुद्धा. नक्कल करणाऱ्याने ती चूक कशाला कोरली असती? तेव्हा पत्रा तोच आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. मापात २ मिलिमीटरचा फरक येतो, पण ओला कागद वाळताना कमीजास्त आक्रसतो, असे तिथल्या मदतनीसांनी सांगितले.

सह्यकडा

तोंड बोलता बोलता थांबले आहे, हे वाक्य वाचून मी चित्रात ती जागा शोधली आणि सापडली. सेंट ऑल्बन्सच्या त्या खोलीत म्हातारा काय मोजत होता, हे आता मलाही ऐकावेसे वाटते. माझा पहिला प्रतिसाद जरा घाईचा होता.

अम्लरेखा

दौतटाक, आता तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. तुमचा कागद १७४६ चा नाही, पण नक्कलही नाही. होगार्थच्या हाताने ओढलेली रेषच त्यावर उमटली आहे, फक्त चाळीस-पन्नास वर्षांहून जास्त काळ झिजलेली. ओठाजवळचा तो पुंजका ज्यांनी पुसट केला त्यांत १७४६ च्या ऑगस्टमधले ते तळहातही आले. विकताना मात्र 'मूळ पत्रा, नंतरची छाप' असे लिहायला हवे होते, आणि तुम्ही पुढे कोणाला दिलेत तर मागे पेन्सिलीने तसे नोंदवून ठेवा.

जुनीबांधणी

चित्र लावताना काही पथ्ये पाळा. चिकटपट्टी अजिबात वापरू नका. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या पुरतात, त्याही फक्त वरच्या कडेला. काच चित्राला टेकता कामा नये आणि समोरून ऊन येता कामा नये. कोपऱ्यांवरचे जुने डाग काढायच्या भानगडीत पडू नका.

दौतटाक

आज चौकट करणाऱ्याकडे चित्र देऊन आलो. मागे पेन्सिलीने अम्लरेखाताईंचे शब्द लिहिले आहेत. चौकटवाला चेहऱ्यापुरती खिडकी कापणार होता आणि खालचा मळका भाग झाकणार होता. त्याला खिडकी अर्धा इंच खाली घ्यायला सांगितली, म्हणजे पत्र्याच्या दाबाची खूण, तारखेची ओळ आणि १ शिलिंग ही किंमत भिंतीवर लावल्यावरही वाचता येईल.